एकच जागा धरा: ब्राम्सच्या सिंफनींची रेकॉर्डिंग्स ताडून कशी ऐकायची

योहानेस ब्राम्स या एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन संगीतकाराच्या सिंफनी, म्हणजे अख्ख्या ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या मोठ्या रचना, फक्त चार आहेत. चारही सलग लावल्या तर पावणेतीन तासांच्या आसपास संपतात. बीथोव्हनच्या नऊ, हायडनच्या शंभराच्या वर, त्यामुळे एकाच रचनेची वेगवेगळी रेकॉर्डिंग्स ताडून ऐकायची सवय लावून घ्यायची असेल तर ब्राम्ससारखा सोयीचा माणूस नाही. पण बहुतेक जण सुरुवात करतात ती "बेस्ट कुठलं?" या प्रश्नापासून. मग कुठलीतरी यादी सापडते, पहिल्या नंबरचं लावलं जातं, चाळीस मिनिटं ऐकून होतं, छान वाटतं आणि दुसरं लावेपर्यंत पहिलं डोक्यातून गेलेलं असतं. मीही बरीच वर्षं असंच केलं.

आपल्याला हे काम खरं तर येतं. पुण्यात सवाईला जाणाऱ्या कोणालाही विचारा, भीमसेनांचा यमन आणि किशोरीताईंचा यमन यात फरक काय, माणूस तासभर बोलेल आणि "छान" हा शब्द न वापरता बोलेल. म्हणजे अमुक ठिकाणी केवढा ठेहराव, तमुक जागा कशी घेतली, समेवर कसे आले, असं. 'जागा' हा आपला शब्द इथे जसाच्या तसा उपयोगी पडतो. अख्खी सिंफनी ताडायची नाही, एक जागा धरायची आणि तीच चार जणांकडून ऐकायची. सगळी पद्धत एवढीच आहे, बाकी जे लिहितोय ते हे नीट जमावं म्हणून.

एक फरक मात्र आधी समजून घ्या. आपल्याकडे बंदिश दोन-चार ओळींची, बाकीचा डोलारा गवई तिथल्या तिथे उभा करतो. सिंफनीत प्रत्येक वादकाचा प्रत्येक स्वर कागदावर छापलेला असतो. मग फरक उरतो कशात? गतीत, मधेच आवळण्यात किंवा सैल सोडण्यात, कुणाचा आवाज वर आणि कुणाचा खाली ठेवलाय त्यात, वादक किती आहेत आणि कुठे बसवलेत त्यात, आणि दोन वाक्यांच्या मधे श्वास किती घेतलाय त्यात. ब्राम्सनं या चार सिंफनींना मेट्रोनोमचे, म्हणजे मात्रेची गती मोजायच्या यंत्राचे आकडे दिलेलेच नाहीत, नुसते शब्द दिलेत, म्हणजे गतीचा निर्णय पूर्णपणे समोर उभं राहून ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या कंडक्टरचा. तुम्ही ताडताय ते हे निर्णय.

आता कुठली जागा धरायची? माझं ठाम मत आहे, चौथ्या सिंफनीची शेवटची मूव्हमेंट, म्हणजे तिच्या चार भागांतला शेवटचा. कारण ती आवर्तनांवर बांधलेली आहे! आठ बारचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) एक सांगाडा, बाखच्या १५० नंबरच्या कँटाटामधून, म्हणजे गायनासाठीच्या रचनेतून, थोडा बदलून घेतलेला, आणि त्याच आठ बारवर एकामागून एक तीस व्हेरिएशन्स, म्हणजे बदललेली रूपं, शेवटी कोडा म्हणजे समारोप. प्रत्येक बारमध्ये तीन मात्रा, आठ त्रिक चोवीस. सुरुवातीलाच दर बारला एक असे आठ मोठे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, येतात आणि त्यात ट्रोम्बोन ही पितळी वाद्यं असतात, ज्यांचे वादक तोपर्यंतच्या तीन मूव्हमेंट म्हणजे साधारण अर्धा तास नुसते बसून असतात. त्यामुळे सुरुवात कुठे झाली हे चुकूच शकत नाही.

हे मला बाबांमुळे कळलं. बाबांनी आयुष्यभर हिंदुस्थानी सोडून काही ऐकलं नाही, पूर्वी सवाईला भारतीय बैठकीवर मांडी घालून पहाटेपर्यंत बसायचे, आता गुडघ्यांमुळे खुर्चीवर बसतात. एका रविवारी मी ही मूव्हमेंट लावली होती आणि ते पेपर वाचत होते. थोड्या वेळानं बघतो तर पेपर मांडीवर आणि बोटांची पेरं मोजणं चालू. म्हणाले, "अरे, हे आवर्तन आहे." मी म्हटलं हो बाबा, चोवीस मात्रांचं. ते बोलले नाहीत, मोजत राहिले. मग एकटी बासरी येते ती जागा आली, तिथे त्यांचं बोट एकदम थांबलं, पुन्हा चालू झालं आणि संपल्यावर म्हणाले, "इथे आवर्तन दुप्पट झालंय, पण मात्रा तीच आहे. हा मात्र जरा ओढतोय."

मी स्कोअर, म्हणजे छापील स्वरलिपी, काढून बघितला, अगदी बरोबर! बारावं व्हेरिएशन, म्हणजे मूळ आठ बार धरून तेरावं आवर्तन. तिथे ब्राम्स तीन मात्रांच्या बारऐवजी सहा मात्रांएवढा बार करतो आणि मात्रेची लांबी तीच ठेवा असंही लिहून ठेवतो. म्हणजे चोवीसचं अठ्ठेचाळीस. बहुतेक कंडक्टर तिथे मात्रासुद्धा संथ करतात. कोण किती करतो, आणि केल्यावर बासरी एकटी पडते की आणखी खुलते, हा ताडण्याचा पहिला खरा प्रश्न. एवढी एक जागा चार जणांची ऐकलीत तरी तुमचा पहिला रविवार सार्थकी लागला.

रेकॉर्डिंग्स निवडताना चारच निवडा, दहा नकोत. आणि निवडताना अशी निवडा की फरक कशामुळे पडलाय ते कळावं. माझी चौकडी सांगतो.

पहिली दोन एकाच ऑर्केस्ट्राची घ्या. व्हिएन्ना फिलहार्मोनिकनं ही सिंफनी कार्लोस क्लायबरबरोबर मार्च १९८० मध्ये रेकॉर्ड केली आणि लगेच १९८१-८२ मध्ये लिओनार्ड बर्नस्टाईनबरोबर चारही केल्या. तीच कंपनी, तोच मुसिकफेराइनचा हॉल आणि वादकही बरेचसे तेच असणार. व्हिएन्नाचे हॉर्न आणि ओबो (दोन्ही फुंकायची वाद्यं) वेगळ्या जातीचे असतात, इतर ठिकाणी वापरतात तसे नाहीत, तो रंगही दोन्हीकडे सारखाच. म्हणजे वाद्यं, हॉल, परंपरा सगळं स्थिर आणि बदलला तो फक्त समोर उभा राहिलेला माणूस! असा योग फार क्वचित जुळून येतो. क्लायबरची पूर्ण सिंफनी साधारण ३९ मिनिटांत होते, बर्नस्टाईन जास्त वेळ घेतो आणि शेवटच्या मूव्हमेंटमध्ये तर घड्याळ लावून बघाच. पण नुसते आकडे बघू नका, क्लायबरमध्ये एका आवर्तनाच्या पोटात पुढच्याची तयारी ऐकू येते, बर्नस्टाईन प्रत्येक आवर्तन स्वतंत्र दालन असल्यासारखं उघडतो. मला स्वतःला क्लायबर जवळचा. पण ट्रोम्बोन हळू आवाजात भजनासारखे वाजतात ते चौदावं व्हेरिएशन मी बर्नस्टाईनचंच लावतो.

तिसरं जुनं घ्या, विल्हेल्म फुर्टवेंगलर, बर्लिन फिलहार्मोनिक, २४ ऑक्टोबर १९४८, लाइव्ह. बर्लिनचा जुना हॉल युद्धात बॉम्बनं गेलेला, कार्यक्रम टिटानिया पालास्ट नावाच्या सिनेमा थिएटरमध्ये झालेला, आवाज मोनो, लोक खोकतायत. तरी ऐका. याच्यात गती पाण्यासारखी हलते, स्कोअरमध्ये नसलेलं आवळणं-सोडणं जागोजागी, आणि पहिल्या मूव्हमेंटचा शेवट तर असा धावत सुटतो की छातीत धडधडतं. ज्यांना आपल्याकडचं लय वाढवत नेणं आवडतं त्यांना हा माणूस पटकन कळेल.

चौथं लहान ऑर्केस्ट्राचं, चार्ल्स मॅकेरास आणि स्कॉटिश चेंबर ऑर्केस्ट्रा, १९९७. चौथी सिंफनी पहिल्यांदा वाजली २५ ऑक्टोबर १८८५ ला माइनिंगेनमध्ये, स्वतः ब्राम्सनं कंडक्ट केली, आणि तिथला दरबारी ऑर्केस्ट्रा जेमतेम पन्नास जणांचा होता. मॅकेरासनं त्या आकाराच्या जवळ जाऊन वाजवलंय. व्हायोलिनचा ढीग कमी झाला की क्लॅरिनेट, बासून, हॉर्न ही फुंकायची वाद्यं अशी काही वर येतात की तुम्ही आधी ऐकलेल्या रेकॉर्डिंगमध्ये हे स्वर होतेच का अशी शंका येते. होते, नुसते झाकलेले होते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि ही मी स्वतः नुकसान करून शिकलोय. आवाजाची पातळी चारही ठिकाणी सारखी करून घ्या. मी जवळजवळ दोन वर्षं एका जुन्या सीडीला मंद, जीव नसलेली असं समजत होतो आणि एका नव्या रीमास्टर्ड आवृत्तीला जिवंत. मग एक दिवस मोबाईलवरच्या साध्या डेसिबल मीटर अॅपनं मोजलं तर नवी आवृत्ती मुळातच मोठ्या आवाजात भरलेली होती, बाकी काही नाही. जुनीचा व्हॉल्यूम वाढवून परत ऐकली आणि माझं दोन वर्षांचं मत एका संध्याकाळीत उलटं झालं. फार वाईट वाटलं, कारण तेवढ्या काळात मी दोन-तीन मित्रांना ती घेऊ नका म्हणून सांगितलेलं होतं. कानाला जरा मोठं ते जरा चांगलं वाटतं, सगळ्यांनाच वाटतं. म्हणून मूव्हमेंटचे सुरुवातीचे आठ कॉर्ड लावायचे, मोबाईल बसायच्या जागी ठेवायचा, आकडा सगळ्यांचा साधारण सारखा येईपर्यंत व्हॉल्यूम हलवायचा आणि प्रत्येकासाठी नॉब कुठे होता ते लिहून ठेवायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

वेळ आणि जागेचं बोलायचं तर पुण्यात दिवसा हे जमत नाही. मी कर्वे रोडपासून दोन गल्ल्या आत राहतो तरी गाड्यांचे हॉर्न येतातच, शिवाय वरच्या मजल्यावरचा मिक्सर आणि कुकरच्या शिट्ट्या. ब्राम्समध्ये हळू जागा खूप आहेत आणि त्याच सांगतात कंडक्टर कसा आहे ते. रविवारी पहाटे साडेपाच ते सात ही माझी वेळ, पंखा बंद करून. पंखा बंद करणं किरकोळ वाटेल पण बासरीच्या त्या जागी मागे हॉर्न आणि व्हायोलिन किती हळू आहेत हे पंख्याच्या घरघरीत कळतच नाही. गणपतीच्या दहा दिवसांत हा प्रयोग करूच नका, हेडफोन लावले तरी ढोल पोचतो!

सामान महागाचं नको. मी तापकीर गल्लीतून दुरुस्त करून आणलेला जुना अँप्लिफायर आणि दोन बुकशेल्फ स्पीकर वापरतो, बरेचदा नुसते वायरवाले हेडफोन. एक मात्र पाळा, चारही एकाच साधनावर ऐका. एक मोबाईलवर, दुसरं गाडीत, तिसरं घरी असं केलं तर तुम्ही स्पीकर ताडताय, ब्राम्स नाही.

स्ट्रीमिंगवर ऐकत असाल तर लावायच्या आधी तीन गोष्टी बघा, कंडक्टर, ऑर्केस्ट्रा, वर्ष. तिन्ही बघायचंच, कारण फुर्टवेंगलरची ही चौथी सिंफनी वेगवेगळ्या मैफिलींमधली उपलब्ध आहे, १९४३ ची सुद्धा आहे, आणि कव्हरवर नुसता त्याचा फोटो असतो. जुन्या रेकॉर्डिंगच्या एकाच मैफिलीच्या चार-पाच साफ केलेल्या आवृत्त्याही मिळतात, काहींमध्ये खरखर काढताना व्हायोलिनची चमकही काढून टाकलेली असते, थोडी खरखर ठेवलेली आवृत्ती घ्या आणि मग तीच धरून रहा. शफल बंद.

मग शक्य असेल तर डोळे झाकून ऐका, म्हणजे लावणारा दुसरा आणि ऐकणारे तुम्ही. माझी भाची नववीत आहे, सुट्टीत आमच्याकडे असते, तिला मी कागदावर मिनिट-सेकंद लिहून देतो आणि ती तिच्या मनानं क्रम बदलून लावते. नाव कळल्यावर कान बदलतो, "फुर्टवेंगलर म्हणजे थोर" हे आधीच डोक्यात असतं. एकदा तिनं मॅकेरास लावला आणि मी अजून विचार करतोय तेवढ्यात तीच म्हणाली, "मामा, यात माणसं कमी आहेत. मोजता येतायत." मी वहीत तेच लिहिलं, मोजता येतायत. त्याच्यापेक्षा चांगलं वर्णन मला अजून सुचलेलं नाही.

वही हवीच. मराठीत लिहा, आपल्या शब्दात लिहा. वाचलेली विशेषणं लिहायला लागलात की कान बंद होतो. माझ्या वहीतली एक नोंद जशी आहे तशी देतो: "बर्नस्टाईन, व्हे. १२. बासरी थांबून थांबून बोलते, मागचे लोक श्वास धरून. मात्रा खूप संथ, मोजताना बोट अडखळलं. १३ ला क्लॅरिनेट आल्यावर उजेड. १६ ला परत मूळ कॉर्ड, दार आपटल्यासारखे, दचकलो." एका जागेला तीन-चार ओळी पुरेत. आणि निकाल त्याच दिवशी लिहू नका, आठवड्यानं परत तीच जागा चौघांकडून ऐकून मग लिहा, माझे निम्मे निकाल दुसऱ्या आठवड्यात बदलतात.

ही जागा पचली की पुढच्या धरा. चौथीचीच अगदी सुरुवात बघा, व्हायोलिनवर दोन स्वर, विराम, दोन स्वर, विराम. पहिला स्वर कंडक्टर कसा सोडतो बघा. फुर्टवेंगलर तो असा लांबवतो की संगीत आधीपासून कुठेतरी चालू होतं आणि आपल्याला आत्ता ऐकू यायला लागलं असं वाटतं, क्लायबर सरळ पाऊल टाकतो. याच सिंफनीला ब्राम्सनं आधी चार बारची प्रस्तावना जोडली होती आणि मग काढून टाकली, कंडक्टर रिकार्डो शायीच्या लाइपझिग गेवांडहाउस ऑर्केस्ट्राबरोबरच्या २०१३ मध्ये आलेल्या संचात ती वेगळी वाजवून ठेवलीये. ऐकलीत की कळतं त्यानं का काढली असेल ते, दोन स्वर असे हवेतून यायलाच पाहिजेत.

पहिल्या सिंफनीची सुरुवात म्हणजे टिंपनीची, म्हणजे ऑर्केस्ट्रातल्या मोठ्या नगाऱ्यांची जागा. सहा-सहा मात्रांच्या बारमध्ये एकच स्वर सतत ठोकला जातो, आठ बार, अठ्ठेचाळीस ठोके, आणि त्याच्यावर व्हायोलिन चढत जातात. ठोके मोजत बसू नका, ते तुम्हाला ढकलतायत की दाबतायत ते बघा. ओटो क्लेम्पररचं फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्राबरोबरचं १९५६-५७ मधलं आणि फुर्टवेंगलरचं हॅम्बुर्गचं २७ ऑक्टोबर १९५१ चं, ही दोन शेजारी ठेवा. क्लेम्पररचा ठोका पाया घातल्यासारखा सरळ, घट्ट, एकदाही न हलणारा. फुर्टवेंगलरचं ओझं वाढत जातं. त्याच सिंफनीच्या अगदी शेवटी गती वाढलेली असताना ब्रासचं, म्हणजे पितळी वाद्यांचं, एक प्रार्थनेसारखं वाक्य मोठ्या आवाजात येतं, तिथे बरेच कंडक्टर करकचून ब्रेक लावतात. स्कोअरमध्ये तिथे संथ करा असं लिहिलेलं नाही. शायी, मॅकेरास, जॉन एलियट गार्डिनर आणि जुन्यांपैकी दोन-तीन जण लावून प्रत्येकाचा पाय ब्रेकवर किती पडतो ते बघा. मला ब्रेक न लावणारे आवडतात, कारण त्या वाक्याला मुळातच वजन आहे, त्याला हातानं जड करायची गरज नाही. पण ब्रेक लावून ज्यांचं अंगावर काटा आणतं असेही आहेत, त्यांचं खोटं म्हणवत नाही.

मिनिटं ताडताना एका गोष्टीत सगळे फसतात, ती म्हणजे रिपीट. पहिल्या तीन सिंफनींच्या पहिल्या मूव्हमेंटमध्ये सुरुवातीचा भाग परत वाजवा असं चिन्ह आहे, चौथीत नाही. काही कंडक्टर परत वाजवतात, काही नाही. दुसऱ्या सिंफनीत त्यामुळे चार-पाच मिनिटांचा फरक पडतो आणि आपल्याला वाटतं की अमुक फार संथ आहे. रिपीट घेतलाय का ते आधी बघा. दुसरी मोठी आहे म्हणून काही जण रिपीट टाळतात, मला कळतं ते, पण तिसरीत घ्यायलाच हवा असं माझं मत आहे, ती मुळात लहान आणि तिचा पहिला भाग एका फेरीत हाती लागत नाही.

व्हायोलिन कुठे बसलेत तेही हेडफोनवर बघून घ्या. जुन्या पद्धतीत पहिले व्हायोलिन डावीकडे, दुसरे उजवीकडे समोरासमोर. क्लेम्परर आणि क्लायबर दोघंही असंच बसवायचे. मग सवाल-जवाब डावीकडून उजवीकडे जाताना ऐकू येतात, सगळे एकाच बाजूला असले की तो संवाद एका पिंडात मिसळतो.

तिसऱ्या सिंफनीची माझी जागा म्हणजे तिसरी मूव्हमेंट. चेलोवर सुरू होणारी ती धून परत येते तेव्हा एकटा हॉर्न घेतो. हॉर्न वाजवणारा एका श्वासात कुठपर्यंत जातो आणि कंडक्टर त्याला थांबायला जागा देतो की नाही, एवढंच ऐका. जॉर्ज सेलचं क्लीव्हलंड ऑर्केस्ट्राबरोबरचं १९६४ चं आणि ब्रूनो वॉल्टरचं कोलंबिया सिंफनीचं, १९६० च्या आसपासचं, ही दोन घ्या, सेलकडे सगळं रेषेत, वॉल्टरकडे हॉर्नला मांडी घालून बसायला दिल्यासारखं. या एका जागेसाठी मी वॉल्टरकडे जातो, बाकी सिंफनीसाठी सेलकडे.

आणि तिसरीच्या शेवटाचं एक लक्षात ठेवा. तिच्या चारही मूव्हमेंट हळू आवाजात संपतात, शेवटचीसुद्धा, पहिल्या मूव्हमेंटची सुरुवात उतरत उतरत परत येते आणि विरते. ते विरणं कोण किती लांबवतो हे ताडायचं असेल तर शेवटच्या स्वरानंतर निदान दहा सेकंद शांतता हवी, तेव्हा प्लेअरमधला ऑटोप्ले आधीच बंद करून ठेवा.